गाडीला काय बसवू नये हे सांगणारे वर्कशॉप : जैसलमेर आणि स्पितीनंतरचा अभिप्राय

सोलापुरात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घेणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी विचारले जाते, की इथे डोंगर आहे तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, माळ आणि काळ्या रानाच्या मधोमध वसलेले आहे, आणि चढ म्हणावा असा रस्ता गाठायला तुळजापूरच्या घाटापर्यंत जावे लागते. तरीही मोहोळ तालुक्यातील आमच्या शेताकडे जाणारी पाणंद पावसाळ्यात साध्या गाडीला आत येऊ देत नाही. त्या पाणंदीसाठी घेतलेल्या डिझेल थारने गेल्या दीड वर्षात मला जैसलमेरच्या वाळूपर्यंत आणि हिमाचलातल्या स्पितीच्या कुंझुम खिंडीपर्यंत सुखरूप नेऊन आणले. दोन्ही प्रवासांची तयारी मी सोलापुरातल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये करून घेतली आणि जैसलमेरचा प्रवास त्यांच्याच सोबतीने केला. वर्कशॉपचे नाव येथे देत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या मी मालकांना समोर बसून सांगितल्या आहेत. असे काम कसे पारखून घ्यावे, याचा वाचकाला उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझ्या हातात अकरा कामांची यादी होती. स्प्रिंग बदलून गाडी दोन इंच उंच करायची होती, मोठे मड टायर घालायचे होते, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) हवी होती, बॉनेटच्या बाजूने वर जाणारा, इंजिनाला हवा देणारा स्नॉर्केल हवा होता, टपावर कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची पट्टी हवी होती. गाडीच्या पोटाखालची कामे यादीत सगळ्यांत शेवटी होती. मालकांचे वय साठीच्या पुढचे असून त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी यादी पूर्ण वाचली, दुमडून माझ्याकडे परत दिली आणि कुठे जाणार, किती माणसे, किती दिवस, बरोबर दुसरी गाडी आहे का, एवढे चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "आधी घरचं सगळं सामान आणि माणसं भरून गाडी काट्यावर घालून या." मला वाटले होते की ते दरपत्रक देतील. प्रत्यक्षात मी दुसऱ्या दिवशी ट्रकांच्या रांगेत उभा राहून वजनकाट्यावर थार घातली आणि पावती घेऊन परत आलो. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या कमाल वजनाला किती थोडी जागा उरते, हे त्या पावतीने मला पहिल्यांदा दाखवले.

"साहेब, वजन कशाला वाढवायलात? वाळूत वजन बुडतंय, डोंगरात वजन ढकलतंय," असे म्हणून त्यांनी यादीतल्या सहा कामांवर पेनाने रेघ मारली. उरलेली पाच त्यांनी केली. या वर्कशॉपविषयी मला जे सांगायचे आहे ते या सहा रेघांविषयी आहे. ती सहा कामे करून दिली असती तर त्यांचे बिल तिपटीने वाढले असते, आणि मी ते आनंदाने भरलेही असते.

प्रत्येक नकारामागचे कारण त्यांनी गाडी रॅम्पवर घेऊन, बोट ठेवून दाखवले. गाडी उंच करण्याचे घ्या. थारची जमिनीपासूनची मूळ उंचीच 226 मिलिमीटर आहे, समोरचा चढ नाक न घासता घेण्याचा कोन जवळजवळ 42 अंश आहे, आणि 650 मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते असे कंपनी सांगते. जुन्या जीपसारखा पुढे अखंड अ‍ॅक्सल या गाडीला नाही; पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे स्प्रिंगने पुढचा भाग उचलला की इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा उतार वाढतो, शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावरचे रबरी बूट कायम ताणलेले राहतात आणि लवकर फाटतात. बूट फाटले की ग्रीस बाहेर येते आणि वाळू आत जाते. घरापासून दीड हजार किलोमीटरवर ही दुरुस्ती कोणालाही नको असते. शिवाय उंच झालेली गाडी वाळूच्या टिब्ब्याच्या उतारावर जराशी आडवी झाली तरी कलंडण्याचा धोका वाढतो. मड टायरचे कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले: त्याच्या खोल खाचा चिखल फेकण्यासाठी असतात, वाळूत त्याच खाचा खणण्याचे काम करतात. लोखंडी बंपर आणि विंच मिळून सत्तर-ऐंशी किलो वजन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगले जाते, आणि टिब्बा उतरताना नाक आधी वाळूत रुतते. स्नॉर्केलने हवा उंचावरून आणि थोडी स्वच्छ येते हे खरे आहे, पण चार-पाच दिवसांच्या प्रवासात रोज संध्याकाळी एअर फिल्टर काढून झटकला तर ती गरज भागते. टपावरचे सामान उंचीवरचे वजन असल्याने कॅरिअर आणि दिव्यांची पट्टी चर्चेविनाच गेली.

कायद्याचा मुद्दाही त्यांनीच काढला, आणि हे मला विशेष वाटले, कारण गाडी सजवणाऱ्या दुकानांत हा विषय सहसा निघत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बंपरवर बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना दिल्या होत्या, कारण असा गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि धडकेच्या वेळी गाडीची स्वतःची सुरक्षायंत्रणा बिघडवतो. एमएच 13 ची गाडी चार राज्ये ओलांडून जाते तेव्हा वाटेत कोणता अधिकारी कोणता बदल कसा पाहील याची खात्री नसते. त्यामुळे सुटे काढता येईल आणि गाडीची मूळ मापे बदलणार नाही, तेवढेच काम ते करतात. तरीही आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून या, असे त्यांनी मला बजावले होते. मी विचारले, आणि विमा कंपनीकडून बसवलेल्या वस्तूंची लेखी नोंद करून घेतली.

आता केलेल्या कामांकडे वळतो. सगळ्यांत मोलाचे काम पोटाखालच्या संरक्षक पत्र्यांचे. इंजिनखाली त्यांनी 4 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा बसवला आणि गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) यांच्याखाली 6 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनिअमचा. दोन्हीकडे एकच धातू का नको, असे मी विचारले तेव्हा त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले. एका चौरस मीटरला 4 मिलिमीटर पोलाद एकतीस किलोच्या वर भरते, तर 6 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअम सोळा किलोच्या आसपास. म्हणजे जाडी दीडपट असूनही वजन निम्मे. पण दगडावर घासताना पोलाद घसरून पुढे जाते आणि अ‍ॅल्युमिनिअम मऊ असल्याने दगडाला धरून ठेवते. जिथे पहिला आघात येतो तिथे पोलाद आणि मागे हलका धातू, ही विभागणी मला आजही पटते. स्पितीतून आल्यावर पोलादी पत्र्यावर तिरके लांब ओरखडे होते, आणि अ‍ॅल्युमिनिअमवर जिथे दगड लागला तिथे बोटभर खोबण पडली होती.

दारांखालचे रॉक स्लायडर (गाडी दगडावर टेकली तर भार झेलणाऱ्या नळ्या) त्यांनी बॉडीला न लावता थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला धरले आहेत. हे तपासण्याची सोपी रीत त्यांनीच दाखवली. स्लायडरखाली जॅक लावून गाडीचे एका बाजूचे चाक जमिनीवरून उचलायचे आणि त्या बाजूचे दार उघडून-मिटून पाहायचे. दार नेहमीसारखे मिटले म्हणजे भार चॅसिसवर आहे. स्लायडर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक नळ्या पाय ठेवून चढण्याच्या पायऱ्याच असतात, आणि त्यांवर गाडी टेकली तर त्या वळून दारालाच लागतात. ही जॅकची परीक्षा कोणत्याही वर्कशॉपमध्ये पैसे देण्याआधी करून घ्यावी.

तिसरे काम दिसायला सगळ्यांत किरकोळ आणि खर्चाला सगळ्यांत स्वस्त होते. अ‍ॅक्सलमधली हवा तापून फुगली की बाहेर पडावी म्हणून डिफरन्शिअलवर (त्यातल्या गिअरच्या डब्यावर) ब्रीदर असतो. लांब चढानंतर तापलेला अ‍ॅक्सल अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळले की ते दुधाळ होते आणि गिअर झिजतात. उस्तादांनी मागच्या ब्रीदरला नळी जोडून ती इंधनाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत वर नेली. याशिवाय मागे चॅसिसला धरणारा एक रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढायला दोर लावण्याची जागा) बसवला आणि 12 व्होल्टचा एअर कंप्रेसर दिला. कंप्रेसरची जोडणी त्यांनी स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घेतली, कारण तो जितका करंट ओढतो तितका सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहन करत नाही. मूळ वायरिंगला त्यांनी कुठेही कात्री लावली नाही. बॉनेट उघडल्यावर नवी तार कोणती आणि कंपनीची कोणती हे लगेच ओळखू येते, इतके काम नेटके आहे.

पण वेळेच्या बाबतीत हे वर्कशॉप अजिबात भरवशाचे नाही. दसऱ्याच्या आधी गाडी देतो म्हणाले होते. गाडी दिवाळीनंतर मिळाली. मधल्या काळात मी सात फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी "उद्या फॅब्रिकेशनवाला येतोय" हेच ऐकले. हाताखाली वेल्डिंगचा माणूस एकच आहे, आणि तो गावी गेला की सगळे काम थांबते. ही अडचण मी समजू शकतो, पण ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. पक्के बिलही मागितल्यावर मिळाले, आपणहून नाही. विम्यासाठी ते बिल लागतेच, त्यामुळे ही सवय त्यांनी बदलली पाहिजे.

गाडी ताब्यात देण्याआधी त्यांनी एका सकाळी मला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात नेले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सोलापूरची काळी माती ओली झाली की फुगते आणि चाकाला असे काही लपेटते की टायरच्या खाचा पार बुजून जातात. चाक फिरते पण गाडी हलत नाही. तिथे त्यांनी मला मुद्दाम रुतवले आणि मग बाहेर काढायला लावले. चिखलात खालचे टणक थर शोधायचे असतात, वाळूत मात्र वरच तरंगायचे असते, म्हणून चिखलात शिकलेला माणूस वाळूत गेला की पहिल्या दिवशी उलटेच करतो, असे त्यांचे म्हणणे. जैसलमेरला पहिल्या दिवशी मी अगदी तेच केले. चाक फिरू लागले तसा पाय एक्सलरेटरवर आणखी दाबला आणि अर्ध्या मिनिटात मागची दोन्ही चाके रिमपर्यंत आत गेली.

जैसलमेरचा प्रवास आम्ही डिसेंबरमध्ये पाच गाड्यांनी केला. सोलापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे करत सरळ इंदूरला नेतो, आणि तिथून उदयपूर, जोधपूरमार्गे आम्ही तिसऱ्या दिवशी जैसलमेरला पोचलो. वाटेतल्या जेवणाविषयी एवढेच लिहितो की घरून नेलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाचव्या दिवशीही उत्तम होत्या. गाड्यांमध्ये बोलण्यासाठी परवाना न लागणाऱ्या 446 मेगाहर्ट्झ पट्ट्यातले वॉकी-टॉकी वर्कशॉपच्या माणसांनी दिले होते. टिब्ब्याच्या पलीकडची गाडी दिसत नाही, त्यामुळे माथ्यावरून आधीच्या चालकाने "रस्ता मोकळा" म्हटल्याशिवाय मागच्याने निघायचे नाही, हा नियम त्यांनी चारही दिवस कडक पाळला.

वाळूत उतरण्याआधी पहिले काम हवा सोडण्याचे. डांबरी रस्त्यावर बत्तीसच्या आसपास असलेला टायरमधला दाब त्यांनी 15 पीएसआयवर आणायला लावला. चारही चाकांपाशी गुडघ्यावर बसून, गेजचा काटा उतरताना पाहत, मी पहिल्यांदाच टायरची जमिनीला टेकलेली लांबी वाढताना नीट पाहिली. टायर रुंदीला फारसा फुगत नाही, तो लांब होतो, आणि त्या लांब पावलामुळे गाडीचे वजन वाळूवर पसरते. मात्र इतक्या कमी दाबावर जोरात वळण घेतले तर टायर रिमवरून सुटू शकतो, म्हणून वेग आणि वळण दोन्ही आवरते ठेवावे लागते. सकाळी दवाने थोडी दमट असलेली वाळू चाकाला धरते आणि दुपारी तीच कोरडी होऊन पाण्यासारखी सरकते. त्यामुळे मोठे टिब्बे त्यांनी नेहमी दहाच्या आत उरकले. टिब्ब्याची वाऱ्याकडची बाजू उताराने लांब आणि घट्ट असते, पलीकडची बाजू तेहतीस अंशांच्या आसपास तीव्र आणि भुसभुशीत. चढताना फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण गिअर नेहमीच्या वेगाचे) एकसारखा वेग ठेवायचा, माथ्यावर पाय सैल करायचा आणि उतरताना नाक सरळ खाली ठेवायचे. गाडी आडवी होऊ लागली तर ब्रेक न दाबता हलका एक्सलरेटर देऊन नाक पुन्हा उताराच्या दिशेला आणायचे.

तिसऱ्या सकाळी माझी गाडी माथ्यावर पोटावर बसली. चारही चाके जवळजवळ मोकळी फिरत होती. मला वाटले दोर लावून ओढतील, पण पुढे चालणाऱ्या त्यांच्या माणसाने आधी फावडे दिले. वीस मिनिटे आम्ही दोघांनी स्लायडरखालची आणि पत्र्याखालची वाळू उपसली, मागच्या चाकांखाली फळ्या सारल्या आणि मगच मागच्या गाडीला ताणला जाणारा दोर जोडला. असा दोर रबरासारखा ताणून जोर साठवतो. तो तुटला किंवा त्याची कडी सुटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून दोराच्या मधोमध त्यांनी पाण्याने भिजवलेली जाड सोलापुरी चादर घडी करून टाकली, म्हणजे दोर सुटलाच तर ती त्याला खाली पाडील. सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे केले. गाडी एका हिसक्यात मागे आली. आमच्या घरात त्या चादरी लहानपणापासून आहेत, पण हा उपयोग मी तोवर पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांच्या कामातला खरा दोष माझ्यापुढे आला. तळावर पोचल्यावर गाडीखालून करपल्याचा वास येत होता. बॅटरी घेऊन खाली आडवा झालो तेव्हा पोलादी पत्र्याच्या वर, एक्झॉस्टच्या जवळ, वाळू आणि वाळलेल्या सेवण गवताचा गच्च थर बसलेला दिसला, आणि गवताची एक कड तपकिरी झाली होती. बीएस 6 डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधला काजळी जाळणारा फिल्टर अतिशय तापतो, आणि त्याच्या शेजारी वाळले गवत साठणे म्हणजे आगीला आमंत्रणच. पत्र्याला साचलेले खाली पडावे म्हणून एकही भोक ठेवलेले नव्हते. ऑइल बदलायच्या बोल्टपाशीसुद्धा नव्हते, म्हणजे साध्या सर्व्हिसिंगलाही आख्खा पत्रा उतरवावा लागणार होता. थंडीत आठ बोल्ट काढून, गवत हाताने ओढून काढून, पत्रा परत चढवायला आम्हाला तास गेला. इतक्या अनुभवी माणसाकडून ही चूक व्हायला नको होती, आणि मी ते त्यांना तिथूनच फोन करून सांगितले.

याच प्रवासातली एक गोष्ट मात्र मला अगदी मनापासून आवडली. डेझर्ट नॅशनल पार्कच्या बाजूला कुठेही गाड्या वळवू द्यायच्या नाहीत, टिब्बे सोडून गवताळ पट्ट्यात शिरायचे नाही, आणि पूर्वीच्या चाकोरीबाहेर जायचे नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतले होते. सोलापूरच्या माणसाला याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे, आणि ज्या पक्ष्यासाठी ते राखले तो आमच्या माळांवरून जवळजवळ गेला. आज त्याचा खरा आधार जैसलमेरचा गवताळ प्रदेश आहे. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. मातीच्या रंगाचे ते अंडे गाडीतून दिसणे शक्यच नाही. मोकळे रान दिसले की गाडी घालायची, हा हौशी लोकांचा छंद नान्नजच्या आसपासही अधूनमधून दिसतो आणि तो बंद झाला पाहिजे. हे वर्कशॉप सराव नेहमी नांगरटीच्या किंवा पडीक खासगी रानातच घेते, माळावर कधीच नाही.

स्पितीला मी पुढच्या सप्टेंबरमध्ये मेहुण्यांबरोबर गेलो, वर्कशॉपच्या सोबतीशिवाय. मनालीपासून अटल बोगदा ओलांडून ग्रामफूला वळलो, छत्रू आणि बातलवरून कुंझुम खिंड चढलो आणि लोसरमार्गे काझाला उतरलो. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारच्या उन्हाने फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे हे उस्तादांनी बजावले होते आणि आम्ही छत्रूहून साडेसहाला निघालो. तापलेल्या अ‍ॅक्सलसह थंड पाण्यात उतरण्याची वेळ तीन-चारदा आली. परतल्यावर डिफरन्शिअलचे तेल काढून पाहिले ते स्वच्छ निघाले. त्या स्वस्तातल्या नळीने आपले पैसे तिथेच फेडले.

बातलच्या पुढे मात्र पोटाखालून खडखड सुरू झाली. दगडधोंड्यांच्या रस्त्याने अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचे दोन बोल्ट निसटून गेले होते आणि तिसरा हाताने फिरत होता. साडेचार हजार मीटरच्या वरची खिंड पुढे, श्वास लागत असताना गाडीखाली सरकून आम्ही पत्रा काढला, ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला आणि तसेच काझा गाठले. तिथल्या मिस्त्रीने पाहताक्षणी सांगितले की साधे नट लावले आहेत, आतून नायलॉनची कडी असलेले नट हवेत, कारण ते धक्क्याने सैल होत नाहीत. त्याने ते बसवले आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. तेव्हापासून मी रोज सकाळी त्या रेघा पाहतो.

सोलापूरला परतल्यावर दोन्ही पत्रे आणि माझी तक्रार घेऊन मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी वाद घातला नाही. चूक मान्य केली, सगळे नट बदलले, ऑइलच्या बोल्टखाली आणि मागच्या कडेला अशी दोन लांबट भोके पाडली, आणि पैसे घेतले नाहीत. आता ते प्रत्येक नव्या पत्र्याला ही भोके ठेवतात. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीखाली वाकून मी ते स्वतः पाहिले. पण हे व्हायला माझे तीन फोन आणि दोन चकरा झाल्या. माणूस समोर असला की ते पूर्ण लक्ष देतात आणि पाठ फिरली की विसरतात, असा माझा अनुभव आहे.

खर्चाचे सांगायचे तर पाच कामांचे मजुरीसह 71,000 रुपये झाले, त्यात निम्म्याहून जास्त रक्कम पत्रे आणि स्लायडरची आहे. जैसलमेरच्या चार दिवसांच्या सोबतीचे त्यांनी एका गाडीमागे 28,000 रुपये घेतले. डिझेल, मुक्काम आणि जेवण वेगळे. दोन्ही रकमा मला योग्य वाटतात. प्रवासाची तारीख ठरली असेल तर किमान दोन महिने आधी गाडी द्यावी, बिल पहिल्याच दिवशी लेखी मागावे, आणि गाडी परत घेताना स्वतः खाली आडवे होऊन नट कोणते लावले आहेत ते पाहावे. रस्त्यावरच्या देखाव्यासाठी गाडी उंच करून हवी असणाऱ्याने तिथे जाऊ नये. त्याची निराशा होईल. बाकीच्यांनी पहिल्या भेटीला जाताना भरल्या गाडीची काट्याची पावती बरोबर ठेवावी, कारण ते आधी तीच मागतात.